यंत्रमानवाच्या पायातला बूट

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. ऐकलं मात्र असेल. मी चामड्याचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा शेजारीच असतो, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून दोघांच्या वतीनं मीच बोलतो.

आम्हाला एका कारागिरानं कुठल्याशा धिप्पाड गिऱ्हाइकासाठी शिवलं. माप देऊन गेलेलं ते गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही. एवढा मोठा पाय आसपास दुसऱ्या कुणाला नव्हता, त्यामुळे आम्ही दुकानाच्या काचेत ऊन खात पडून राहिलो. मग एके दिवशी एक लहानखुरी बाई आत आली. तिनं मला पायात घातलंच नाही. उचललं, माझी टाच लाकडी फळीवर ठोकली आणि कान देऊन ऐकलं.

"हाच जोड द्या," ती म्हणाली.

"अहो बाई, हा तुमच्या मापाचा नाही."

"माझ्या कानाच्या मापाचा आहे. बांधा."

ती म्हणजे मावशी. सगळे तिला मावशीच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तिचं काम चित्रपटांना आवाज देण्याचं होतं. संवाद नव्हेत हं! दाराची करकर, कपड्यांची सळसळ आणि मुख्य म्हणजे पावलं. या कामाला फोली म्हणतात. एका बंद खोलीत जमिनीचे तुकडे आखलेले होते : इथे लाकूड, तिथे फरशी, पलीकडे खडी, वाळू, लोखंडी पत्रा. समोर पडद्यावर माणूस चालायचा आणि इकडे मावशी माझ्यात चिंध्या कोंबून, मला पायात चढवून, अगदी त्याच्या तालात चालायची. काचेपलीकडे बसलेले ध्वनिमुद्रक, आमचे भाऊ, तो आवाज टिपून घ्यायचे.

मित्रांनो, मी खुन्याचा पाय झालो, न्यायाधीशाचा झालो, प्रेयसीच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरणाऱ्या भित्र्या प्रियकराचाही झालो. कोसच्या कोस चाललो, पण त्या खोलीबाहेर माझं पाऊल पडलं नाही. त्या काळी प्रत्येक चित्रपटाचा एक ठरलेला प्रकार असे. मावशी सकाळी पदर खोचत विचारायची, "भाऊ, आज रडायचं की मारायचं?" उत्तर येईल त्याप्रमाणे ती बूट निवडायची. मारायचं असलं की माझा नंबर पक्का. रडायचं असलं की फळीवरच्या मऊ सपातांचा. त्या सपातांचं आणि माझं कधी जमलं नाही. त्या स्वतःला फार नाजूक समजत.

मग एक दिवस मोठा चष्मा लावलेली एक तरुण दिग्दर्शिका आली. तिनं चित्रं काढून, ती हलती करून पहिलाच मोठा चित्रपट बनवला होता. त्याची गोष्ट अशी : एक प्रचंड यंत्रमानव युद्धात शहरंच्या शहरं तुडवतो. युद्ध संपतं आणि तो कुणालाच नकोसा होतो. शेवटी एक शिंपीण त्याला आपल्या दुकानात ठेवून घेते आणि तो काजं करायला शिकतो. अर्धा चित्रपट तोफांचा, अर्धा सुईदोऱ्याचा.

"अगं पोरी, हे कुठलं लोणचं घातलंयस?" मावशी हसून म्हणाली.

"मावशी, मी लहानपणापासून ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनपट, बघत आले. तिथे असं सर्रास चालतं. भुताच्या गोष्टीत पोहण्याची शर्यत असते, हेरांच्या गोष्टीत बेकरी असते. आधी डोकं गरगरतं, मग वाटतं, आपलं घर तरी कुठे एका प्रकारचं असतं? सकाळी भांडण, दुपारी विनोद, संध्याकाळी कुणाला तरी ताप."

मावशीला ते पटलं. लढाईसाठी तिनं मला निवडलं. घोट्याला साखळी गुंडाळून पत्र्यावर असे काही दणके दिले की भाऊंनी कान झाकले. दुकानातल्या प्रसंगांना मात्र तिनं सपाता घातल्या. यंत्रमानव आता सौम्य झालाय ना! मी फळीखालून मुकाट्यानं बघत राहिलो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शिका परत आली ती चेहरा पाडूनच. बरोबर निर्माते होते, थकलेले, सरळ बोलणारे गृहस्थ. चित्रपट काही लोकांना दाखवून बघितला होता.

"बाई, निम्म्या लोकांनी मला विचारलं, दुकानात आलेला हा दुसरा यंत्रमानव कोण? त्यांना वाटलं, पहिला लढाईत मोडला." निर्माते कपाळ चोळत म्हणाले. "युद्धपट आणि घरगुती गोष्ट एकत्र नांदत नाहीत, झालं. शिवणकाम काढून टाकू. शुक्रवारपर्यंत काही जमवता आलं तर बघा."

"पण चित्रात तर तोच आहे," भाऊ म्हणाले.

"डोळ्यांना तो एकच दिसतो," दिग्दर्शिका हळूच म्हणाली. "कानांना दोन ऐकू येतात."

निर्माते गेले. ती तिथेच खडीच्या तुकड्यावर बसून रडली. तीन वर्षं तिनं ते दुकान रेखाटलं होतं, एकेक बटण, एकेक दोरा. मावशीनं तिला उगी केलं नाही. ती पत्र्यावर पुन्हा चढली, मला घालून हळू पावलं टाकून बघू लागली. हळू टाकली की मी पोकळ वाजायचो, जोरात टाकली की दुकान कोसळल्यासारखं वाटायचं. त्या खटाटोपात माझा तळ उसवला.

तळ चिकटवायला मावशीनं मला पिशवीत घालून घरी नेलं. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच मी बाहेर पडलो!

घरी मावशीचे यजमान होते. त्यांना सगळे काका म्हणत. आडवेतिडवे, पहाडासारखे. गोदामात ओझी उचलण्यात उमर गेलेली. ते जिना चढले की शेजाऱ्यांच्या कपाटातल्या बशा किणकिणत. त्यांनी माझ्या तळाला गोंद लावला आणि मला दोरीनं करकचून आवळलं. पलीकडे पाळण्यात त्यांची तान्ही नात बऱ्याच रडारडीनंतर नुकती झोपली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दुधाचा वास आला. दूध वर येत होतं.

काका उठले. धावायचं होतं आणि आवाज तर करायचा नव्हता! श्वास रोखून, हात पसरून ते निघाले. टाच टेकायची, थांबायचं, मग सगळं वजन एखादं पोतं उतरवावं तसं सावकाश त्या पायावर उतरायचं. लाकडी जमिनीची फळी लांब सुस्कारा सोडल्यासारखी कण्हायची. आवाज लहान होता, पण हलका मुळीच नव्हता. त्यात सबंध काका होते.

दूध वाचलं. मावशी मात्र डोळे मिटून बसली होती.

"अहो, परत चाला," ती कुजबुजली.

"कुठे?"

"दुधाकडे."

"दूध उतरवलं की!"

"असू दे. चाला म्हणते ना."

बिचारे काका काहीही न कळता, बाळ उठेपर्यंत फेऱ्या मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशीनं सपाता पेटीत टाकल्या. मला चढवलं, लाकडी फळीवर उभी राहिली आणि भाऊंकडून वाळूची पिशवी मागून घेऊन ती कडेवर घेतली. पडद्यावर प्रसंग होता : शिंपिणीची मुलगी मेजाखाली झोपली आहे आणि यंत्रमानवाला पलीकडची कात्री आणायची आहे. मावशीनं टाच टेकली. थांबली. मग तिनं स्वतःचं आणि वाळूचं सगळं वजन माझ्यावर सावकाश सोडलं. माझ्या शिवणी ताणल्या, फळी कण्हली. शहरं तुडवणारा तोच पाय आता एका झोपेला जपत होता. एका पोराला घाबरत होता म्हणा ना.

शुक्रवारी निर्माते आले. प्रसंग संपल्यावर त्यांनी तो पुन्हा एकदा दाखवायला सांगितला.

"तोच आहे," शेवटी ते म्हणाले. "पण जाहिरातीत लिहू काय? युद्धपट की कौटुंबिक?"

"दोन्ही," दिग्दर्शिका म्हणाली.

"लोक शिव्या घालतील."

"थोडे घालतीलच."

घातल्याही. काही जण तोफा थंडावल्यावर उठून गेले. काही जण मात्र दुसऱ्यांदा आले, घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन. चित्रपट बऱ्यापैकी चालला. त्या दिवसांत माझंही कौतुक झालं. एका छायाचित्रकारानं मला मेजावर ठेवून फोटो काढला, पण तो छापून काही आला नाही.

काकाही चित्रपट बघून आले. मावशीनं दुसऱ्या दिवशी खोलीत सांगितलं, "घरी येताना मला म्हणतात, तो यंत्रमानव चालतो फार छान गं, कोणी केलं ते? मी म्हटलं, आहे एक जड माणूस."

"अहो, सांगायचं ना त्यांना!" भाऊ म्हणाले.

"छे! कळलं तर ते जपून चालणं विसरतील आणि तोऱ्यात चालायला लागतील."

पुढे मावशीचे गुडघे कुरकुरू लागले. संगणकात तयार पावलं मिळू लागली. बटण दाबलं की खुनी, बटण दाबलं की नवरी. मी पेटीत गेलो. उंदरानं माझी नाडी कुरतडली, ओलीनं अंगावर बुरशी चढली. अधूनमधून भाऊ आठवणीनं तेलाचं फडकं फिरवतात. वर्षात कधीतरी कुणी नवी मुलगी विचित्र काहीतरी बनवून आणते, तयार पावलांत तिला हवी ती चाल सापडत नाही आणि माझी पेटी उघडते.

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. जुन्या बुटात कागद कोंबून ठेवा, ओला झाला तर उन्हात नको, सावलीत वाळवा. एखाद्या गोष्टीत दोन न जुळणारे जीव भेटले तर उठून जाण्याआधी थोडं ऐका. आणि तुमच्या घरातही मोठ्या पायांचं, दणदण चालणारं कुणी असेल. तुम्ही झोपलात की ते कसं चालतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. एकदा डोळे मिटून, जागे राहून ऐका.