विल्फचं पॉटर करणं

आमच्या इंग्रजीत एक क्रियापद आहे, पॉटर. त्याला काम म्हणावं तर हातून फारसं काही होत नाही, आणि आळस म्हणावा तर माणूस क्षणभर टेकत नाही. इकडची कुंडी तिकडे ठेवायची, सुतळीचा गुंता सोडवत बसायचं, चहाला आधण ठेवून विसरून जायचं. भाजी लावायला नगरपालिकेनं भाड्यानं दिलेल्या जमिनीत विल्फचा तुकडा माझ्या शेजारी, आणि तिथे त्याची अख्खी दुपार अशीच विरघळून जायची. कुणी घरी विचारलं, की त्याची बायको डोरीन म्हणायची, "गेलाय पॉटर करायला." यॉर्कशरमध्ये एवढं ऐकलं, की माणूस सुखात आहे हे कळतं.

वसंतात डोरीन गेली. दुःखाचं बोलायला आम्हाला जमत नाही, म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी फावडी उचलली. विल्फचे वाफे खणले, घेवड्याचे वेल काठ्यांना बांधले, त्याच्या बियांच्या बरण्यासुद्धा ओळीत लावल्या. तेव्हापासून तो कोट घालून खुर्चीत बसून राहिला. सकाळचं धुकं टेकडीवरून उतरून त्याच्या गुडघ्यांशी यायचं, रेंगाळायचं, निघून जायचं. तो हलायचा नाही.

आज त्याची मुलगी जिलियन त्याला कायमचं लीड्सला न्यायला आली. तिथे पाचव्या मजल्यावर फ्लॅट.

"बर्निस मावशी, इथे तरी बाबा काय करतात? नुसते बसतातच ना?"

मला तिचा राग आला, मग स्वतःचा. त्याला करायला आम्ही ठेवलं होतं काय?

मी त्याच्या घेवड्याशी गेले आणि दोन गाठी सोडल्या. झोपेत कूस बदलावी तसा वेल अलगद कलंडला.

बराच वेळ काही झालं नाही. मग विल्फची मान वळली.

"कुठल्या गाढवानं बांधलंय हे?"

"मी."

"वाटलंच. तुझ्या गाठी म्हणजे निवडणुकीतली आश्वासनं."

तो उठला. सुतळी शोधली, सापडल्यावर कुठेतरी ठेवली, ती परत शोधताना बरण्यांची ओळ मोडली.

"बाबा, निघायचं ना?" जिलियन म्हणाली.

"हो हो, आलोच," म्हणत त्यानं एक कुंडी उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली.

जिलियननं गाडीची किल्ली खिशात टाकली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

"मी रविवारी येते भेटायला," ती म्हणाली आणि एकटीच गेली.

ऊन कलल्यावर मीही निघाले. विल्फ माझ्याकडे न बघता म्हणाला, "बर्निस, उद्या मागच्या रांगेच्याही गाठी सोड."