अकरा खिडक्यांत एकच पंखा

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न पाच माणसांत उरकलं, त्या वर्षाची ही गोष्ट. नवरा, नवरी, जावयाची आई, मी आणि लग्न लावणारा. माझ्या सख्ख्या बहिणीने ते फोनवर पाहिलं आणि ऐन वेळी तिचा फोन बंद पडला. ती आजही म्हणते, "तुझ्या पोरीचं लग्न झालंय यावर माझा अर्धाच विश्वास आहे." सगळं जगच तेव्हा फोनमध्ये शिरलं होतं. शाळाही शिरली.

त्या शाळेत मी एकोणतीस वर्षं मावशी होते. झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं आणि हजेरीचं पुस्तक वर्गावर्गांत फिरवणं. त्या पुस्तकावरच मी बावन्नाव्या वर्षी वाचायला शिकले. गणिताच्या मास्तरांनी शिकवलं. मुलांची नावं हाच माझा धडा. मास्तर खडूस माणूस. कौतुकाचा शब्द काढला तर जीभ पोळेल असं त्यांना वाटत असावं. मी पहिलं पान न अडखळता वाचलं तेव्हा म्हणाले, "एवढ्याला चार महिने?"

मुलं घरी बसली आणि लगेच वरच्या लोकांना शोध लागला की मुलांना ताण आलाय. तो घालवायला एक साहेब नेमले. आम्ही त्यांना श्वासवाले म्हणायचो. शाळेत ते कधी आले नाहीत. पडद्यावर दिसायचे, मागे पुस्तकांचं कपाट, शेजारी काचेच्या बरणीत हिरवी फांदी, आणि आवाज असा की आजाऱ्याच्या उशाशी बसलेत. रोज सकाळी दहाला त्यांचा तास. "पोटातून श्वास घ्या. ताण हा पाहुणा आहे. त्याला खुर्ची द्या." मास्तर म्हणायचे, "ह्याच्या घरी खुर्च्या जास्त झाल्यात." उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण शेळी म्हणजे काय हे ठाऊक नसताना हाकणारा हा पहिलाच.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण दिवसाची हजेरी त्या एकाच तासाला लागायची. गणिताला नाही, भाषेला नाही, श्वासाला. आणि नियम असा की सलग पंधरा दिवस जो दिसणार नाही त्याचं नाव परीक्षेच्या यादीतून कापायचं. मास्तरांच्या दहावीत अकरा मुलं अशी होती की घरात एकच फोन, तोही बटणांचा. त्यावर श्वासवाले दिसणार कुठून? मास्तर त्यांना एकेकाला फोन लावून गणित शिकवायचे. शाळेत यायचे, रिकाम्या वर्गात खुर्ची ओढायचे आणि दिवसभर ओरडायचे, "अरे गाढवा, कंस आधी सोडव!" मुलं शिकत होती. पण कागदावर ती अकराही जणं गैरहजर.

मास्तर मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी तिथेच फरशी पुसत होते.

"मास्तर, फोनवरचं शिकवणं मोजता येत नाही," बाई म्हणाल्या.

"मुलांना येतंय ते मोजा."

"तुम्ही चिडताय. साहेबांच्या तासाला तुम्हीही बसत जा. शिक्षकांनाही ताण असतोच ना!"

"मला ताण नाही. मला अकरा मुलं आहेत."

बाईंनी मान वाकडी करून गोड हसू आणलं. त्यांचं ते हसू मी ओळखते. आत काही नसलं की डबा जास्त वाजतो, तसं. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पाठीमागे कपाटात पंचवीस टॅब होते. कुणा दानशूराने मुलांसाठी दिलेले. देताना फोटो काढला, चौकटीत घालून भिंतीवर लावला आणि टॅब कुलपात गेले. "मुलं फोडतील," म्हणून. मी आठवड्यातून एकदा त्यांच्यावरची धूळ पुसायची. नवं सामान न वापरता म्हातारं होताना बघायचं काम मला पगारी होतं.

बाहेर आल्यावर मी मास्तरांना म्हटलं, "कपाटाची किल्ली माझ्याकडे असते."

मास्तर थांबले. "मग मुलांना नेऊन देऊ."

"एक जरी दाराबाहेर गेला तरी मी चोर. आतच चालवू."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे वर्गात. हजेरीला मुलं कुठे लागतात? नावंच लागतात."

पंधरापैकी अकरा दिवस तेव्हा गेलेच होते. दुसऱ्या दिवशी नऊला मी अकरा टॅब काढले, फडक्याने पुसले आणि बाकांवर मांडले. कुणाचा टॅब कुठे, तर जो जिथे बसायचा तिथे. ठेंगणी पहिल्या बाकावर, चष्मिष्ट खिडकीशी, बडबड्या एकटा मागे. मास्तर म्हणाले, "मावशी, हे कशाला? कसेही ठेवा." मी म्हटलं, "मला असेच आठवतात." मग एकेका टॅबवर एकेक नाव घातलं. माझं एक बोट चालतं. अकरा नावांना पाऊण तास लागला. चेहरा दिसलाच पाहिजे असा साहेबांचा हुकूम होता, म्हणून कॅमेरे चालू ठेवले. पण टॅब आडवे असल्यामुळे त्यांत दिसायचं ते छत.

दहाला श्वासवाले आले. "डोळे मिटा," म्हणाले आणि आधी स्वतःचेच मिटले. आमचं काम तिथेच झालं. तीन आठवडे त्या माणसाने अकरा छतांना श्वास घ्यायला शिकवलं. एकदा तर म्हणाले, "काही मुलं सुरुवातीला यायची नाहीत. आता बघा, किती स्थिर बसतात! बाकीच्यांनी शिका त्यांच्याकडून." मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि छाती धरून ते बाकावर बसले. मी पाणी दिलं. "काही नाही, म्हातारं इंजिन आहे," म्हणाले.

मग एके दिवशी वरून कुणी अधिकारी बघायला बसणार असं ठरलं. मोठ्या बाईही पडद्यावर आल्या, मोत्यांची माळ घालून. साहेबांना त्या दिवशी हुशारी दाखवायची होती. त्यांनी यादीत बोट फिरवलं आणि ठेंगणीचं नाव घेतलं.

"बाळा, आज तुला कसं वाटतंय?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी फोन काढला. ठेंगणीच्या घरी लावला.

"घाई नाही," साहेब म्हणाले. "शांतता हेही उत्तर असतं."

फोन वाजत होता. कुणी उचलेना.

"सुंदर. ही शांतता सगळ्यांनी ऐका."

सगळ्यांनी ऐकली. अधिकाऱ्यांनीही ऐकली. अखेर पलीकडून आवाज आला आणि मास्तरांनी फोन टॅबला टेकवला. हळूच म्हणाले, "कसं वाटतंय विचारतायत, सांग."

"कोण विचारतंय?" पोरगी म्हणाली. पाठीमागे कुणी खोकत होतं, भांडी आपटत होती.

"मी विचारतोय, बाळा. तुझा ताणाचा तास."

"मला कुठे ताणाचा तास? मला मास्तरांचा गणिताचा तास असतो साडेबाराला. आमच्याकडे फोन बटणाचा आहे. आणि लवकर बोला, बाबांना कामाचा फोन यायचाय."

साहेबांनी डोळे उघडले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मोठ्या बाई पडद्याजवळ सरकल्या. अकरा खिडक्यांत त्यांना एकच पंखा दिसला, एक पातं वाकलेला. तो दुरुस्त करा म्हणून मी त्यांना दोन वर्षं सांगत होते.

त्या जिना उतरून वर्गात आल्या तेव्हा माळ मानेमागे फिरली होती.

"मावशी! कुणाला विचारून कपाट उघडलंत? आणि मास्तर, तुम्हीसुद्धा? ही फसवणूक आहे. ही अकराच्या अकरा नावं मी आत्ता कापते!"

मास्तर उठले नाहीत. त्यांनी समोरचा टॅब फक्त उभा केला. तास अजून चालू होता. वर्गातलं बोलणं अधिकारी ऐकत होते.

"कापा की," मास्तर म्हणाले. "कारण मात्र नीट लिहा. मुलांसाठी आलेले पंचवीस टॅब कुलपात होते, म्हणून मुलं गैरहजर."

"कुलपात म्हणजे... जपून ठेवले होते," बाई टॅबकडे बघत म्हणाल्या. तेच हसू आलं.

"कुठले टॅब?" आतून अधिकाऱ्यांचा आवाज आला. "फोटोतले? ते वाटलेत असं तुम्ही लिहून दिलंय बाई."

श्वासवाल्यांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "आपण सगळे एक दीर्घ श्वास घेऊ या का?" कुणी घेतला नाही.

दुपारी टॅब वाटले गेले. बाईंनी परत फोटो काढला. त्यात टॅब देताना त्या आहेत, घेताना ठेंगणी आहे, आणि ठेंगणीचं तोंड असं की समोरचं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलंय. नाव एकही कापलं गेलं नाही. साहेबांना पुढल्या वर्षी आणखी चार शाळा मिळाल्या. असल्यांचं नेहमी भलंच होतं. मला एक लेखी ताकीद मिळाली. ती मी स्वतः वाचली. तीत दोन चुका होत्या.

अकराही मुलं परीक्षेला बसली. नऊ पास झाली. बडबड्या आणि आणखी एक गणितात राहिले, ते दुसऱ्या खेपेला सुटले. गणिताचे मास्तर निकालाच्या आधीच, शेवटच्या पेपरानंतर सहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, हृदय बंद पडून वारले. ते एकसष्ट वर्षांचे होते.