एका फुटाला एक सूत

वीटभट्टीवाल्यांनी पाठवलेलं इंजिनाचं तडकलेलं चाक गाडीवरून उतरलं, तेव्हा फोरमन अम्ब्रोज स्टेडला आधी काहीच खटकलं नाही. असल्या बाकदार आऱ्यांचं चाक अख्ख्या लीड्समध्ये फक्त ऑल्डरस्लींच्या कारखान्यात व्हायचं. कारखाना चिमुकला, वर्षाकाठी सहा-सात वाफेची इंजिनं बांधणारा. ती इंजिनं खाणीत, भट्ट्यांवर, गोदीत राबायची, आणि थोरल्या ऑल्डरस्लींच्या काळापासून हे आरे हीच त्यांची ओळख होती. मग गाडीवानानं चिठ्ठी दिली. 'इंजिन नदीपलीकडच्या कारखान्याचं आहे. ते महिनाभर थांबा म्हणतात. चाक तुमच्यासारखंच दिसतं, तुम्हीच बदलून द्या.'

अम्ब्रोजच्या डोक्यात एकच नाव आलं: साचे करणारा सुतार सेथ गॉन्ट. वाळूत दाबून ठसा घ्यायचा, तो चाकाचा लाकडी साचा सेथनंच केलेला, आणि तो असायचाही त्याच्याच माडीवर. शिवाय ईस्टरला सेथनं आपली लेक नदीपलीकडच्या कारखान्यातल्या एका ओताऱ्याला दिली होती. फोरमनला आणखी काय हवं? संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की सरळ माणूसही वाकडा दिसतो. सेथ शिट्टी वाजवायचा थांबला तर मनात काळंबेरं, वाजवू लागला तर निर्ढावलेला.

मालकांनी ऐकून घेतलं. "शनिवारपर्यंत खात्री कर," ते म्हणाले. "खरं निघालं तर सेथला मी घरी बसवतो."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर अम्ब्रोज माडीवर चढला आणि त्यानं सेथची हत्यारांची पेटी उपसली. बावीस वर्षांत त्या पेटीला कधी कुलूप नव्हतं. आत रंधे होते, पटाशा होत्या, फडक्यात बांधलेलं चीज होतं. वळून बघतो तर दारात सेथ.

"काय सापडलं? उंदीर?"

"तुझा साचा पलीकडे कसा गेला ते शोधतोय."

"अस्सं. मग चीज तेवढं ठेव जागेवर. आणि तुझी पोलादी पट्टी घेऊन खाली चल."

"तुझी आहे की इथं."

"माझी नको. माझ्या पट्टीवरचा फूट मुद्दामच लांब असतो. ओतलेलं लोखंड थंड होताना फुटाला एक सूत आखडतं, म्हणून आम्ही साचाच तेवढा मोठा करतो. पंधरा वर्षं फोरमन आहेस, हेही मीच सांगू?"

खाली अम्ब्रोजनं आधी कारखान्याच्या चाकाचा आरा मापला. बरोबर एक फूट. मग तडकलेल्या चाकाचा मापला. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. त्यानं पुन्हा मापला, तेवढाच आला.

"माझा साचा नेला असता तर चाक आपल्याएवढंच झालं असतं," सेथ म्हणाला. "हे दोनदा आखडलंय. त्यांनी आपलं तयार चाकच वाळूत दाबलं आणि त्या ठशात लोखंड ओतलं."

"पण त्यांना चाक देईल कोण? चांगलं चाक तर इंजिनाखालीच जातं. आणि बाद झालेलं आपण फोडल्याशिवाय..."

अम्ब्रोज मध्येच थांबला. बाद मालावर छिन्नीनं फुली मारायची आणि घणानं फोडल्याशिवाय तो फाटकाबाहेर सोडायचा नाही, हा थोरल्या मालकांचा नियम होता. ते काम फोरमनचं.

सेथनं फडक्यानं आऱ्याची मागची बाजू पुसली. तिथं एक फुली होती, मूळ चाकावरून वाळूच्या ठशातून इथं उतरलेली; पुसट, कुणीतरी बुजवू पाहिलेली. तिची डावी रेघ लांब होती. अम्ब्रोज डावखुरा, त्याच्या सगळ्या फुल्या अशाच असायच्या.

त्याला मागचा एक शनिवार आठवला. रग्बीच्या सामन्याची वेळ झाली होती, घण उचलायचा कंटाळा आला होता, आणि तो भंगारवाल्याला म्हणाला होता, "वाटेत तूच फोड रे." दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला आपण निघालो होतो, तेही आपल्याच पापासाठी.

"मालकांना मी सांगतो," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं, काही न लपवता. मालकांनी नोकरी ठेवली, पण घण दुसऱ्याच्या हाती दिला.

सोमवारी सकाळी अम्ब्रोज माडीवर गेला. "सेथ, चुकलो मी. माफ कर."

"सोड रे. झालं ते झालं," सेथ म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. मग त्यानं खिशातून किल्ली काढली, पेटीचं नवं पितळी कुलूप उघडलं आणि रंधा बाहेर काढला.