पळत्या हरणाला शिट्टी

टूनआजोबांनी मला जंगलात नेलं ते फक्त शिट्टी वाजवायला. मैत्रिणींना सांगितलं तर कुणालाच खरं वाटत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे.

ते आमचे शेजारी. आम्ही राहतो नायमेखन या डच शहराच्या अगदी टोकाला, जिथे घरं संपतात आणि थेट जर्मनीत शिरणारं जंगल सुरू होतं. टूनआजोबा एकाहत्तर वर्षांचे, आणि त्यातली चाळीस वर्षं शिकारी. इथे शिकारीला परीक्षा असते, परवाना असतो आणि कुणी किती हरणं कमी करायची ते कागदावर ठरलेलं असतं. यंदा त्यांच्या हद्दीत तीन, मार्चच्या मध्यापर्यंत. इथली हरणं लहान असतात, आपल्या भेकराएवढी, आणि पळायला लागली की त्यांच्या मागच्या बाजूला पांढरा ठिपका फुलतो.

मी चैत्राली, वय पंधरा. पुण्याहून आलो तेव्हा वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मग कोरोना आला, शाळा स्क्रीनवर गेली, आणि त्या छोट्या चौकोनात बसून मला एकदम डच फुटलं. फुटलं ते थांबेचना. त्याच उन्हाळ्यात मी शिट्टीही शिकले, बोटं तोंडात न घालता, नुसत्या ओठांनी. बाल्कनीतून वाजवली की कालव्यापलीकडची बदकं माना वर करायची. आई म्हणायची, "अगं, सगळी गल्ली बघतेय." मला तेच तर हवं होतं.

जानेवारीत एकदा टूनआजोबा कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "ती शिट्टी तुझीच ना? मला ती उसनी हवी आहे."

मी हसले. ते हसले नाहीत. कुंपणाच्या त्या बाजूला उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं, मध्येमध्ये श्वास घ्यायला थांबत. ऑक्टोबरमध्ये त्यांना कोरोना झाला होता, तीन आठवडे हॉस्पिटल. त्यांचा शिकारीतला जोडीदार त्याच महिन्यात गेला. डिसेंबरात ते पहिल्यांदा एकटे मचाणावर बसले. समोरून एक हरिणी पळत निघाली.

"पळत्या जनावरावर गोळी झाडायची नाही, हे मला वडिलांनी शिकवलं," ते म्हणाले. "उभ्या जनावराच्या काळजाला गोळी लागते, त्याला कळतही नाही. पळत्याला कुठेही लागते. म्हणून आपण छोटी शिट्टी वाजवतो. ओरडलं तर पळतात, खोकलं तरी पळतात. पण छोट्या शिट्टीला थांबतात. काय आहे ते बघायला मान वळवतात. दोन सेकंद. बास."

"मग तुम्ही वाजवलीत?"

"ओठ जुळवले. नुसती हवा आली." त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "आणि बोटाने चाप ओढला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

गोळी पुढच्या पायाला लागली. रक्ताचा माग काढणारा कुत्रा दोन दिवस फिरला, हरिणी सापडली नाही. आता ती परत दिसायला लागली होती, तीन पायांवर. चौथा लोंबत होता.

"बाजारात शिट्टी मिळत नाही?"

"मिळते. तिलाही फुंकर लागते, मेइशे." डचमध्ये पोरीला तसं म्हणतात. " मला माझा चहा फुंकून थंड करता येत नाही."

"मग दुसऱ्या शिकाऱ्याला सांगा ना."

"त्याला सांगू, की माझी चूक तू निस्तर?"

मी घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. "म्हणजे हरणाला बोलावून मारायचं, आणि बोलवायचं माझ्या पोरीने?"

"बोलवायचं नाही, थांबवायचं," मी म्हटलं.

"फार मोठा फरक आहे," आई फणकारली.

बाबा मीटिंगमधून कान इकडे लावून होते. माइक बंद करून म्हणाले, "मीनल, रविवारी मटण आणतो तेव्हा बोकड उभा होता की पळत होता हे आपण विचारतो का?"

"तुम्ही मीटिंग करा." आई माझ्याकडे वळली. "ती हरिणी किती दिवस अशी हिंडतेय?"

"दीड महिना."

तिने भाकरी उलटली, फुगेपर्यंत बघत राहिली. "मास्क काढायचा नाही," म्हणाली. "एवढंच सांगते."

तेव्हा बाहेर दोनच माणसांनी एकत्र जायचा नियम होता, आणि एका गाडीत बसायचं नाही हा आईचा. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, उजाडायच्या सुमाराला, टूनआजोबा गाडीतून पुढे आणि मी सायकलवर मागे अशी आमची वरात निघाली. ते इतके हळू चालवत होते की मला ब्रेक मारावे लागत होते. धुकं असं होतं की जग नुकतंच बनवायला घेतलंय आणि अजून फक्त जवळच्या वस्तू झाल्यात. गाडीचे दोन लाल दिवे पुढे तरंगत होते आणि मला वाटत होतं, मी पाण्याखालून सायकल चालवते आहे.

मचाण म्हणजे कुरणाच्या कडेला शिडीवर ठेवलेलं, पुढे उघडी खिडकी असलेलं लाकडी खोकं. बाकावर ते एका टोकाला, मी दुसऱ्या. त्यांनी आदल्या दिवशी टेपने मोजलं होतं. "एक मीटर चाळीस," ते अपराधीपणाने म्हणाले; नियम दीड मीटरचा होता. आम्ही दोघांनी मास्क नीट केले आणि बसून राहिलो.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वर विमानं नाहीत, लांब हायवे जवळजवळ मुका. धुकं कुरणावरून सरकत होतं, थांबत होतं, परत सरकत होतं. मला झोप येत नव्हती, पण मी पूर्ण जागीही नव्हते. कुंपणाचे खांब मधूनच गाई व्हायचे आणि परत खांब. मग दोन खांब चालायला लागले.

ती पाडसं होती, गेल्या उन्हाळ्यातली. आणि त्यांच्या मागे ती. तीन पावलं आणि एक डोलणं, तीन पावलं आणि एक डोलणं. लोंबता पाय गवताला लागला की ती तो झटकायची, जणू त्याला काहीतरी चिकटलंय. मी ठरवून आले होते की रडायचं नाही. रडले नाही, पण चष्म्यावर वाफ धरली.

टूनआजोबांनी बंदूक उचलली. तेवढ्यात लांब कुणाचा तरी कुत्रा भुंकला आणि तिघं पळाली. तीन पायांवर कुणी इतकं जोरात पळू शकतं हे मला माहीत नव्हतं.

"आत्ता," ते कुजबुजले.

मी ओठ जुळवले आणि सगळा जीव ओतून फुंकले. मास्कमध्ये. फुस्स. ओला, गरम वारा माझ्याच नाकात शिरला.

बंदुकीची नळी तिच्याबरोबर सरकत होती. डावीकडून उजवीकडे, सावकाश. टूनआजोबांचं बोट चापावर होतं. मी त्या बोटाकडेच बघत होते. मग त्यांनी नळी खाली केली. "नाही," ते म्हणाले. माझ्याशी नाही, त्या बोटाशी.

जंगल तिच्यापासून वीसेक उड्यांवर होतं. आत गेली की गेली. तिथे तिला कुणी मारणार नव्हतं, आणि तिचा पायही बरा होणार नव्हता. मी मास्क हनुवटीखाली ओढला. आईचा नियम मोडला हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. डोक्यात एवढंच होतं, की आता यांनी सांगितलंय म्हणून नाही. आता वाजवली तर ती मी वाजवलेली.

वाजवली. एकच, छोटी, कुणाला तरी हळूच हाक मारावी तशी.

ती थांबली. मान वळवून तिने थेट मचाणाकडे पाहिलं. कान दोन्ही पुढे. ती घाबरलेली नव्हती, हे मला कुणालातरी सांगायचंय. तिला खरंच बघायचं होतं, कोण आहे ते.

शेजारी नळी वर आली, आवाज फार मोठा झाला आणि ती खाली बसल्यासारखी पडली. परत हलली नाही. ते म्हणाले होते तसंच.

मला वाटलं पाडसं पळतील. त्यांनी एक उडी मारली आणि परत उभी राहिली, अंगाला अंग लावून, मचाणाकडे बघत. शिट्टी तर त्यांनीही ऐकली होती. अगदी स्थिर, कूस आमच्याकडे करून, जशी शिकाऱ्याला हवीत तशी. परवान्यात दोन अजून शिल्लक होती. माझ्या शेजारी बंदुकीचा खटका मागे गेला, पुढे आला, नवी गोळी आत बसली.

मी उठून खिडकीबाहेर अर्धी वाकले. "पळा," मी ओरडले. "अरे पळा ना." मराठीतच आलं. दोन्ही हातांनी मचाणाच्या फळीवर मी धाडधाड वाजवत सुटले, खोकं हलायला लागलं, आणि ती दोघं एकदम उधळली. दोन पांढरे ठिपके धुक्यात वरखाली झाले, मग एकच दिसला, मग तोही गेला.

टूनआजोबांनी गोळी बाहेर काढली आणि खिशात टाकली. बराच वेळ त्यांना धाप लागली होती.

"मी झाडणार नव्हतो," ते म्हणाले. "ते हाताच्या सवयीने झालं."

"मला कसं कळणार?"

ते कुरणाकडे बघत राहिले, जिथे ती पडली होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मलाही कळलं नसतं."