आठ फुटांवरचा दगड

मित्रांनो, डायलिसिस केंद्राच्या भिंतीवर अकरा वर्षं टांगलेला जुना टीव्ही तो मी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझे रंग अगदी खऱ्यासारखे दिसतात, असं सगळे म्हणत. मलाही त्याचा अभिमान होता.

माझ्यासमोर सहा खाटा होत्या. माणसं आठवड्यातून तीनदा येत, हातात सुया टोचून घेत आणि यंत्रातून रक्त गाळून होईपर्यंत चार-चार तास माझ्याकडे बघत पडून राहत. खिडकीजवळची खाट शिंपीकाकांची. ते म्हणत, हा टीव्ही म्हणजे चांगली धारदार कात्री, वेळ कसा सरसर कापतो. ऐकून मला बरं वाटे.

एका सोमवारी बातमी आली. आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना एक नवा दगड सापडला होता आणि शुक्रवारी तो पृथ्वीजवळून जाणार होता. हे 'जवळून' म्हणजे चंद्र जितका लांब आहे, त्याच्या आठपट लांबून. पण ते माझ्या पडद्यावर कुठेच आलं नाही. आली ती लाल अक्षरं, 'शुक्रवारी प्रलय?', आणि मागे जळणारं शहर, तेही संगणकावर रंगवलेलं. दगड शोधणाऱ्या बाईंना अर्धं मिनिट मिळालं. धोका नाही, असं त्या म्हणाल्या. निवेदकाने त्यांना मध्येच तोडून विचारलं, शंभर टक्के सांगता का? त्या बोलणार तोच जाहिरात लागली.

माझी पाठ तापली. शब्द दुसऱ्यांचे होते, तोंड मात्र माझं. समोरचे सहाही चेहरे उतरत चालले होते आणि मला जीभ आवरता येत नव्हती. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

बुधवारी शिंपीकाका आलेच नाहीत. सिस्टरने फोन केला, तर काकू रडत होत्या. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. शुक्रवारी सगळंच संपणार, मग सुया कशाला टोचून घेऊ, असं म्हणत होते.

गुरुवारी दुपारी काकूंनी त्यांना कसंबसं आणलं. रक्त गाळायचं चुकल्याने अंगात पाणी साठलं होतं; पाय सुजलेले, धाप लागलेली. तरी ते हात पुढे करेनात. आणि मी? मी तोच दगड, तेच जळणारं शहर पुन्हा पुन्हा दाखवत होतो. माझ्यामुळे हा माणूस माझ्यासमोरच जाणार, या भीतीने मी गोठलो होतो.

सिस्टरने माझा आवाज बंद केला. मग फरशीवर औषधाची एक गोळी ठेवली.

"काका, ही पृथ्वी. आता इथून एक फूट दाखवा. मापं तर तुम्हीच घ्यायचात."

काकांनी धापा टाकत बोट दाखवलं. सिस्टरने तिथे गोळीचा बारीक तुकडा ठेवला. तो चंद्र. मग ती गोळीपासून पावलं मोजत आठ फुटांवर, थेट दाराशी जाऊन उभी राहिली.

"तो दगड इथून जाणार आहे. आणि इतका लहान, की दाखवायला माझ्याकडे काही नाही."

काकांनी गोळीपासून दारापर्यंतचं माप नजरेनेच घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"मग यांनी हे का नाही सांगितलं?"

काकांनी हात पुढे केला.

त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. चार दिवस ते दवाखान्यात होते, पण वाचले. दगड आपल्या वाटेने निघून गेला. ती बातमी एका ओळीत आली आणि सरकली. त्यानंतर काका माझ्याकडे पाठ करूनच पडत, आणि मला ते रास्तच वाटे.

आता मी अडगळीच्या खोलीत मोडक्या स्टुलांमध्ये आहे. माझ्या जागी माझ्या दुप्पट मोठा टीव्ही आलाय. परवा तो सूर्याबद्दल काहीतरी ओरडत होता, आणि मी इथे अंधारात थरथरलो.

मित्रांनो, आकाशात नवं काही सापडलं तर जरूर बघा, ते बघण्यासारखंच असतं. पण आमच्यासमोर एखादं माणूस एकदम गप्प झालं, तर त्याच्याजवळ बसा आणि काय ऐकलंस म्हणून विचारा. आम्हाला फक्त बोलता येतं, विचारता येत नाही.