पार्टीचा माल

चावीवाल्याचा सगळा धंदा एका पेटीत मावतो. दोन-चार कानशी, पक्कड, कच्च्या चाव्यांचा जुडगा, तेलाची बाटली. पेटी काखेत मारली की निघालं दुकान. आणि या माणसाने घेतली काय, तर मागे जोडटायर असलेली डिझेल पिकअप!

सेकंडहँड, पण काय गाडी होती राव! बॉनेट त्याच्या छातीला लागायचं. चढायला पायरी, धरायला दांडा. किल्ली फिरवली की आधी एक घोगरं खाकरणं, मग पोटातून अशी घरघर यायची की समोरच्या घराच्या काचा थरथरायच्या. वर बसलं की सगळं जग लहान. एरवी त्याला "ए चावी" म्हणून हाक मारणारा ट्रॅफिकचा पोलीसही आता मान वर करून बोलायचा.

"हिच्यातून नेणार काय? चाव्या?" बायकोने विचारलं.

"अगं, ही हत्ती ओढेल, हत्ती!"

"मग आता हत्ती बघा कुठे मिळतो ते."

पहिल्याच फेरीत दोघांचं डोकं छताला लागलं. गाडी अशी उडत होती, की बायको अर्ध्यातच उतरून चालत घरी गेली. त्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री खाली वाकला, उठला आणि हात पुसत म्हणाला, "काही झालेलं नाही हिला. रिकामी आहे म्हणून उडते. खालचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी केलेले असतात, शेठ. पोटात जरा काहीतरी टाका, मग बघा."

ओझं आणायचं कुठून? जवळच एक बांधकाम चालू होतं. तिथून त्याने वाळूची पोती उसनी भरून घेतली, वरून ताडपत्री ताणून बांधली. आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

इथपर्यंत ठीक होतं. गोची झाली ती नाक्यावरच्या चहावाल्यामुळे. त्याने सहज विचारलं, "आज काय भरलंय?"

आणि हा बोलून गेला, "पार्टीचा माल आहे."

"कसला?"

"ते सांगायचं नसतं."

झालं! दुसऱ्या दिवसापासून चहावाला त्याला "मालक" म्हणायला लागला. हा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एक चक्कर मारायचा. जाताना माल, येतानाही माल. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यात जास्त खूश होती त्याची ताई. ती लाँड्री चालवायची आणि गिऱ्हाईक आलं की सांगायची, "आमचा छोट्या आता ट्रान्सपोर्टमध्ये आहे बरं का." छोट्या म्हणजे हाच. पोट सुटलं, कानावरचे केस पिकले, तरी ताईला तो छोट्याच.

परवा दुपारी ताईचा फोन आला.

"छोट्या, टेम्पोवाला ऐनवेळी नाही म्हणतोय रे. कपडे धुवायचं मोठं मशीन नव्या जागेत न्यायचंय. इथली भिंत संध्याकाळी पाडणार आहेत. आणि उद्या सकाळी हॉस्पिटलच्या चादरी येणार. पहिल्याच दिवशी धुऊन दिल्या नाहीत तर काम गेलंच समज. तुझी गाडी आणतोस?"

त्याच्या डोळ्यांसमोर ताडपत्री आली. ती सोडायची, सगळ्यांच्या देखत.

"ताई, आणली असती गं. पण भरलीये. पार्टीचा माल आहे."

वाटलं, आता ती शिव्या घालेल. निदान चिडेल तरी. पण ती म्हणाली, "अरे मग राहू दे! दुसऱ्याचा माल, तू शब्द दिलेला. आम्ही बघतो काहीतरी. तू नीट जा हो."

फोन ठेवला आणि तो पुटपुटला, "मरू दे ती वाळू." ठरवलं, गावाबाहेर पटकन पोती टाकायची आणि मोकळी गाडी घेऊन ताईकडे जायचं. माल पोचवला म्हणून सांगता येईल. पण गावाबाहेर जायचा रस्ता ताईच्याच लाँड्रीवरून जातो. आणि वळण घेतलं तर समोर ताई.

रस्त्यावर लोखंडी पाइप आडवे टाकलेले. त्यांच्यावर ते धूड मशीन. भावजी आणि दुकानातली दोन माणसं मागून ढकलतायत. ताई मागचा पाइप उचलून पुढे आणून टाकतेय. किटली घेऊन आलेल्या चहावाल्यासकट दहा-बारा बघे. मशीन बरोब्बर रस्त्याच्या मध्ये.

त्याने ब्रेक दाबला. ताईने घरघर ओळखली, वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, बाजूला घ्या मशीन! आधी छोट्याची गाडी जाऊ द्या. त्याला माल पोचवायचाय."

"ताई, थांब—" तो काचेआडून ओरडला. पण त्या इंजिनापुढे त्याचा आवाज कसला ऐकू येतोय! भावजींनी जोर लावला, मशीन तिरकं झालं, पाइपवरून घसरलं आणि दाराच्या बाजूनेच दगडी कठड्यावर आदळलं.

ताईने आधी भावजींचे पाय पाहिले, मग मशीनचं दार. कडी वाकलेली. दार लागेना. तरी ती त्यालाच हात करत होती, "ये, ये, बसतेय गाडी, ये!"

त्याने इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत. तो उतरला, मागे गेला, ताडपत्रीची गाठ सोडली. दुसरी गाठ सुटेना, ती दातांनी ओढली. मग हौद्याचा मागचा फाळका खाली पाडला.

ताई जवळ आली. एका फाटक्या पोत्यातून वाळू सांडत होती.

"हा कुठल्या पार्टीचा माल?"

"माझाच आहे. गाडी उडू नये म्हणून."

त्याला वाटलं, कुणीतरी हसावं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची खेचली होती, आज फिटंफाट झाली असती. पण चहावालासुद्धा मान खाली घालून किटली पुसत बसला. ताईने पदर खोचला आणि पहिल्या पोत्याला हात घातला.

"मी काढतो गं, तू नको."

"धर तिकडून," ती म्हणाली.

मशीन चढलं. नव्या जागेपर्यंत गाडी अशी गेली, की खड्डासुद्धा कळला नाही. ताई शेजारी बसली होती. सीटवर हात फिरवत म्हणाली, "बसायला छान आहे रे." त्याला शेजारी बघता येईना.

मशीन उतरवल्यावर त्याने आपली पेटी आणली आणि दाराशी मांडी घातली. कडी सोडवली, ठोकून सरळ केली, कानस मारली, परत बसवली. ताईने दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. पाणी सोडलं. थेंब गळला नाही.

"तुझी ती पोती तिकडे जुन्या दुकानापुढे रस्त्यात पडलीत," ती म्हणाली. "लोकांच्या पायात येतील. घेऊन जा."

भर उजेडात, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या समोर, तो एकेक पोतं परत हौद्यात टाकत होता. ताडपत्री घातली नाही. नाक्यावर गाडी हळू झाली. चहावाल्याने आत पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कुठे निघाला?"

"बांधकामावर. वाळू परत द्यायचीये."

"चहा?"

"येताना घेतो."

येताना गाडी नाक्यापर्यंत उड्या मारत आली.