माती कुणाची?

मित्रांनो, मी एक जुना रॉकेलचा डबा आहे. माझी एक बाजू खोल चेपलेली आहे. ती कशी चेपली हे आठवले की आजही माझा पत्रा तापतो.

निजामाच्या राज्यात मी तेलाने भरून कनेरगाव नाक्यावरच्या एका दुकानात आलो. तेल संपताच दुकानदाराने मला उकिरड्यावर भिरकावले. तिथून मला नानीबाईने उचलले. ती जवळच्या तांड्यावर राहायची आणि तेव्हा रागाने धुमसत होती. झोपडीपुढे तिने वाढवलेल्या लिंबोणीला फळे धरताच जागेच्या मालकाने भोवती काटेरी कुंपण घातले होते. जमीन त्याची, म्हणून झाडही त्याचे!

नाक्यावर पत्र्याची कामे करणाऱ्या इब्राहीमचाचांपुढे तिने मला आदळले.

"चाचा, बुडाला भोकं पाडा, अन् दोन कड्या लावा. उचलता आलं पाह्यजे."

"काहून? झाडाला गावाला नेता का?"

"जमीन त्याची हाय. झाड तरी माझं राहू द्या."

चाचा हसले नाहीत. त्यांनी मला आतून डांबरही फासले.

माझ्यात नवी लिंबोणी रुजली. नानीबाई तिला लेंडीखत घाली, भांडी धुतलेले पाणी घाली. पुढे माझे पाहून शेजारच्या रूपाबाईने फुटक्या घमेल्यात डाळिंब लावले, कुणी गळक्या घागरीत मोगरा. येणारा-जाणारा थांबून पाही. मला केवढा अभिमान वाटे!

काही वर्षांनी लिंबे पिवळी झाली आणि मालक आला. त्याने मला लाथ घातली. तीच ही खूण.

"डबा तुझा असंल. पण आतली माती कुणाची? माझ्याच रानातली ना?"

मालकाने मनात आणले असते तर सगळ्या तांड्याला जागेवरून उठवले असते. पण नानीबाईने मला कड्यांना धरून उचलले आणि त्याच्या पायांवर उपडे केले.

"घ्या तुमची माती. बराबर मोजून घ्या!"

मुळांना चिकटलेली मातीसुद्धा तिने झटकून त्याच्याच जोड्यांवर टाकली. मग रूपाबाईने घमेले उलटले. मागून घागरी आल्या. नडगीपर्यंत माती चढली, तसा मालक शिव्या देत निघून गेला.

मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून बायका इब्राहीमचाचांकडे धावल्या. "माझ्या अंगणातली घ्या," चाचा म्हणाले, "खोदा पाह्यजे तेवढं."

डाळिंब जगले नाही. मोगराही गेला. लिंबोणीची पाने झडली. नानीबाई रोज तिची फांदी नखाने खरवडून पाही, आत हिरवे दिसले की पुन्हा पाणी घाली. पावसाळा सरता सरता एक कोंब फुटला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणत नाही. गंजणे माझ्या नशिबीच आहे. पण एखाद्या झाडाला 'माझे' म्हणण्याआधी एवढे विचारा, त्याला पाणी कोण घालते? आणि उत्तर ठाऊक असूनही कुणी फळाला हात घातला, तर गप्प बसू नका.